कान मोडलेली पुडी

त्या शुक्रवारी सकाळी दहाच्या आत सत्यवान मयेकरांनी चार गिऱ्हाइकांना उलटीची गोळी नाकारली. आत स्टुलावर चहा घेत बसलेली त्यांची मुलगी विनीता मोजत होती.

सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आलेली. मालवणच्या जेटीवर किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांसाठी रांग लागली होती, आणि जेटीच्या उतारावरचं पहिलं औषधाचं दुकान हेच. पाणी बघूनच ज्यांच्या पोटात ढवळायला लागे ते सगळे इथे येऊन थडकत. गाव सत्यवान मयेकरांना भाई म्हणायचं. पर्यटकांचे ते काका.

"काका, उलटीची गोळी द्या पटकन. होडी सुटतेय."

"कोणाला हवी?"

"मलाच."

"मग आत्ता घेऊन काय उपयोग? तिला अर्धा-पाऊण तास लागतो. तुम्ही किल्ल्यावर पोचून शहाळं प्याल तेव्हा तिचा अंमल सुरू होईल. परत कधी जाणार?"

"दुपारीच. कोल्हापूरला."

"गाडी कोण चालवणार?"

"मीच की."

"मग नकोच. प्रोमेथाझिन आहे त्यात. उलटी थांबवते, खाज थांबवते, पण झोपही आणते, आणि ती झोप संध्याकाळपर्यंत अंगात राहते. कोणाच्या तर दुसऱ्या दिवशीपर्यंत. घाटात डोळा लागला तर किल्ला पाहिल्याचं सांगणार कोणाला? होडीत मधोमध बसा, मोबाइल खिशात ठेवा, नजर लांब तटावर. पंधरा मिनिटांचा तर प्रवास."

माणूस हसत गेला. त्याच्यामागे चार तरुण होते. त्यांना भाईंनी एवढंच विचारलं, "आज बसणार आहात का?" चौघे एकमेकांकडे बघायला लागले. "मग ही गोळी आणि ती बाटली, दोन्ही एका पोटात नकोत. काय ते एक ठरवा." तरुणांनी काय ठरवलं ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं, आणि भाईंनी पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

पुढे जानकीमावशी उभी होती. बाजारात मासे विकणारी, दंडावर लाल गांधी उठलेल्या.

"भाई, अंगार पित्त उठलाहा. ती तुजी झोपेची गोळी दी."

"काचबिंदूचे थेंब घालतंस मा अजून?"

"घालतंय. डोळ्याचो आणि खाजेचो संबंध काय?"

"आसा संबंध. ही गोळी तुका चालूची नाय. वायच थांब, डॉक्टरीणबाईंका फोन करतंय, त्या सांगतीत ती दुसरी देतंय."

"रे मेल्या, तुज्या दुकानात गोळी सोडून सगळा गावता!" जानकीमावशी रांगेकडे वळून म्हणाली. रांग हसली. भाईही हसले, पण फोन त्यांनी केलाच.

एवढं करून ज्याला ती गोळी मिळे, त्याला ती भाईंच्या पद्धतीने मिळे. पट्टीतून हव्या तेवढ्या गोळ्या कापायच्या, खाकी कागदाच्या पुडीत घालायच्या, पुडीवर नाव आणि मुदतीची तारीख हाताने लिहायची, कारण कापलेल्या पट्टीवर ती राहत नाही. मग पुडीचा वरचा उजवा कोपरा दुमडून नखाने घट्ट दाबायचा. ती कान मोडलेली पुडी समोर धरून भाई म्हणत, "आता तू सांगान दाखय." गिऱ्हाइकाने म्हणून दाखवायचं: झोप येते, गाडी चालवणार नाही, दारू घेणार नाही. बरोबर आलं की पुडी हातात.

विनीता पुण्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. पुस्तकाच्या पानाचा कान मोडणाऱ्या मुलांना ती दंड करायची. पुस्तकाचं पान दुमडू नये हे तिला शिकवलं होतं याच माणसाने, आणि कान मोडल्याशिवाय पुडी न देणाराही हाच. लहानपणी तिने विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "पुस्तक वाचणारो जागो आसता. पुडी फोडणाऱ्याचा काय सांगूचा?"

या खेपेला ती एकटीच आली होती. नवरा आणि अकरा वर्षांची संचिता पुण्यात राहिले होते. संचिताचं शाळेत संचलन होतं. येण्याचं कारण तिने आईलाही सांगितलं नव्हतं. तिला बाबांना एक गोष्ट सांगायची होती. ती गोष्ट दहा वर्षं तिच्यापाशी पडून होती.

संचिता तेव्हा चौदा महिन्यांची. पुण्याहून येताना पोरीने घाटभर उलट्या केल्या होत्या, आणि परत जाताना विनीता एकटी होती. बाबांकडे तिने ते औषध पातळ स्वरूपात मागितलं. उलटी थांबेल, पोर झोपेल, प्रवास सुखाचा होईल.

"दोन वर्षांखाली देवचंय नाय," बाबा म्हणाले. "लहान पोरांचो श्वास मंद होता त्येच्यान. कधी कोणाचो, ता सांगूक येना नाय."

"एक चमचा, बाबा. सगळे देतात."

"सगळे देतत, म्हणान मी देऊ?"

दुकानात सात-आठ माणसं होती. विनीताचं डोकं दोन रात्रींच्या जागरणाने भणभणत होतं. ती म्हणाली, "तुम्ही डॉक्टर नाही आहात, बाबा. दुकानदार आहात."

बाबा कपाटाकडे वळले. त्यांनी एक जुना धुतलेला टॉवेल, क्षारांची दोन पाकिटं आणि एक चमचा पिशवीत घातला. पुढच्या बाकावर बस, पोटभर भरवू नको, घोटघोट पाणी दे, एवढं सांगितलं आणि पिशवी तिच्या खांद्याला अडकवली.

वाटेत एसटी थांबली तिथे औषधाचं दुकान होतं. कोणी काही विचारलं नाही. बाटली मिळाली, विनीताने एक चमचा दिला. घाट चढायला लागेपर्यंत संचिता झोपली, आणि थोड्या वेळाने विनीताला वाटलं की ही झोप बरी नाही. तळपायाला चिमटा घेतला तरी पोर हलेना. श्वास येई, मग थांबे, आणि विनीता स्वतःचा श्वास धरून पुढच्याची वाट बघे. पोरीच्या नाकाखाली बोट धरून ती कोल्हापूरपर्यंत तशीच बसली. गाडी थांबवायची, कोणाला विचारायचं, दवाखाना शोधायचा, हे तिला कळत होतं आणि तोंडातून शब्द निघत नव्हता; कारण पहिलाच प्रश्न आला असता, काय दिलंत, आणि कोणी द्यायला सांगितलं. कोल्हापूरच्या स्थानकात फेरीवाल्याच्या ओरडण्याने संचिता दचकून उठली आणि रडायला लागली.

रात्री बाबांचा फोन आला. "पोरग्या बरा आसा मा?"

"हो. छान झोपली गाडीत."

"आपसूक?"

"हो," विनीता म्हणाली.

पुढची दहा वर्षं संचिता कधीही गाडीत झोपली की बाबा कौतुकाने म्हणत, "आमचा चेडू एसटीत आपसूक झोपता. लहान होता तेव्हापासून." प्रत्येक वेळी विनीता खिडकीबाहेर बघे.

दिवेलागणीला गर्दी ओसरली. रश्मी, दुकानातली फार्मासिस्ट, सहा वर्षं भाईंच्या हाताखाली तयार झालेली, स्कूटरवरून घरी गेली. बाबा उद्यासाठी खाकी पुड्या चिकटवत बसले होते. विनीता पुढे झाली.

"बाबा, तुम्हांला एक सांगायचं होतं. संचिता लहान होती तेव्हाचं."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं. तेवढ्यात शिवा आला. शिवा तांडेल, किल्ल्याच्या होड्यांतली एक त्याची. जाळ्यातून जेलीफिश काढताना मनगटाला लागलं होतं आणि हात कोपरापर्यंत लालबुंद होता.

"ह्येका आधी बघूया," बाबा विनीताला म्हणाले. "तू उद्या सांग. सवडीन."

तिला सुटल्यासारखं झालं. ती दारात येऊन उभी राहिली. मागून बाबांचा आवाज येत होता: श्वास बरो आसा? ओठ सुजले नाय मा? घसो? मग कागद दुमडल्याचा, नखाने दाबल्याचा बारीक आवाज.

"उद्या सुकाणू कोणाकडे?" बाबा विचारत होते.

"भावाकडे, भाई. ठावक आसा माका."

"ठावक आसा तर सांगान दाखय."

शनिवारी सकाळी दुकानाचं शटर अर्ध्यावर उचलून भाई पायरीवर बसले. रश्मी स्कूटर लावून आली तेव्हा ते तसेच बसलेले होते, पाठ शटरला टेकून, चाव्या हातात. जेटीवरून शिवा धावत आला, रिक्षात घातलं. रुग्णालयाच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढचे बारा दिवस घरी माणसं येत राहिली. विनीताची आई, गावाची सुगंधाकाकी, पडवीत भिंतीला टेकून बसे आणि विनीता पाणी देई. रडणारे थोडे होते. बहुतेकांना काही सांगायचं होतं, आणि सांगताना ते ताठ बसत.

तारकर्लीला घरात पाहुणे ठेवणाऱ्या एका बाईंनी सांगितलं, त्यांच्याकडे उतरलेल्या एका माणसाने कुर्ल्या खाल्ल्या आणि त्याचे ओठ सुजायला लागले. तो खाजेची गोळी मागायला भाईंकडे आला. "भाईन त्येचो आवाज आयकल्यान, आवाज बसलेलो. गोळी दिल्यान नाय. 'ह्या गोळयेचा काम नाय,' म्हणालो, आणि दुकान उघडा टाकून त्येका रिक्षेत घेऊन गेलो. तकडे सुई टोचली तेव्हा खंय तो सुधारलो. दर वर्षी त्येचा पत्र येता."

जानकीमावशी म्हणाली, "माका एकदा पण मागितली ती गोळी दिल्यान नाय, मेल्यान." मग डोळ्याला पदर लावला. "म्हणान दिसता माका अजून."

शिवाने सांगितलेलं विनीताला आजवर माहीत नव्हतं. शर्टाच्या खिशातून त्याने कान मोडलेली पुडी काढून तिच्यासमोर ठेवली, शुक्रवारचीच, वर बाबांचं अक्षर.

"बाय, जेटीवर आमी सकाळी एकमेकांक विचारतो, खिशात कान मोडलेली आसा काय? आसली तर तो सुकाणवार बसणा नाय. पुढे बसता, दोरी धरता, तिकिटा बघता. कोण त्येका हसणा नाय, कोण त्येचो रोज कापणा नाय. ह्या खंय लिवलेला नाय. भाईन सुरू केल्यान, मगे आमचाच झाला. माणसा बसतत आमच्या होडयेत. पोरा बसतत."

विनीताने पुडी हातात घेतली. हजारो पुस्तकांतून तिचं आयुष्य गेलं होतं. छापून आलेलं जगात टिकतं असं ती धरून चालत आली होती. आणि इथे एका माणसाने कागदाचा कोपरा दुमडला होता, आणि त्या खुणेवर रोज होड्या चालत होत्या.

चौदाव्या दिवशी रश्मीने दुकान उघडलं. विनीता बरोबर आली. भाईंचं स्टूल गल्ल्यामागे होतं तसंच होतं. त्यावर कोणी बसलं नाही. रश्मी उभ्यानेच काम करत होती. प्रश्न तेच, पुडी तीच, पण कोपरा दुमडताना ती दोनदा दाबायची, जणू एकदा दाबलेला टिकणार नाही.

अकराच्या सुमाराला एक तरुण बाई आली. कडेवर बाळ, खांद्याला मोठी पिशवी. बाहेर रिक्षात नवरा बॅगा सांभाळत बसलेला.

"उलटीचा पातळ औषध द्या, झोप येता ता. कोल्हापूरची गाडी आसा. येताना बाळान घाटात हैराण केला."

"किती महिन्यांचं आहे?" रश्मीने विचारलं.

"पंधरा."

"दोन वर्षांच्या आत देत नाही ताई. तुमच्या डॉक्टरांना विचारू या का?"

"भाई देयत आमका," ती बाई म्हणाली. "भाई आसते तर आता दिले असते. त्येंका माणसाची अडचण कळा होती."

रश्मीचा हात फळीवर थांबला. सव्वीस वर्षांची मुलगी. पाठीशी उभं राहणारं माणूस गेलेलं. कोणीतरी मागून म्हणालं, "दी गो एक चमचो. गाडी चुकात तिची." रश्मीने विनीताकडे पाहिलं. त्या नजरेत प्रश्न होता: दिलं असेल का भाईंनी कधी? कोणासाठी तरी?

विनीताला उत्तर माहीत होतं. तिच्याइतकं पक्कं ते कोणालाच माहीत नव्हतं. स्वतःच्या मुलीला, स्वतःच्या नातीसाठी, सात-आठ माणसांसमोर अपमान गिळून त्यांनी नाही म्हटलं होतं. ते इथे सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं. आणि न सांगता गप्प बसलं, तर उद्यापासून गावात बोललं जाणार होतं की भाई देत होते.

ती स्टुलाला वळसा घालून पुढे आली.

"तुझा नाव काय गो?"

"पूजा." बाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी कोण? डॉक्टर?"

"नाय," विनीता म्हणाली. कित्येक वर्षांत या दुकानात ती मालवणीत बोलली नव्हती. "मी दुकानदाराचा चेडू. भाईंचा."

पूजा जरा मागे सरकली.

"भाई कोणाक दिले नाय, पूजा. माका पण दिले नाय. माजा चेडू चौदा महिन्यांचा होता. मी हयच उभी होतंय, तुज्यासारखीच. ते नाय म्हणाले, म्हणान मी त्येंका चार माणसांत नको ता बोललंय. आणि वाटेत दुसऱ्या दुकानातसून घेऊन एक चमचो दिलंय."

"मगे?" पूजाने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मगे झोपला. चिमटो काढलंय तरी उठला नाय. श्वास घेय, मगे श्वास बंद होय. घाटापासून कोल्हापुरापर्यंत नाकाखाली बोट धरून बसलेलंय मी. देवान सांभाळल्यान. दर खेपेक सांभाळीत, असा मी तुका सांगूचंय नाय."

मागून चमच्याची वकिली करणारा माणूस औषधांच्या फळीकडे बघत राहिला. पूजाचे डोळे बाळाच्या छातीवर होते. बाळ विनीताच्या बांगडीकडे हात करत होतं.

"मगे उलटी झाली तर मी काय करू?" पूजा हळूच म्हणाली.

"पुसायची," रश्मी म्हणाली, आणि तिचा आवाज आता स्थिर होता. "पुढचा बाक मागा. खिडकी थोडी उघडी. निघायच्या आधी पोटभर भरवू नका. घोटघोट पाणी. फारच झालं, मलूल पडलं तर वाटेत उतरून डॉक्टर गाठायचा. आणि जायच्या आधी आता तुम्ही सांगून दाखवा."

पूजाने सांगून दाखवलं, एकेक करून, शाळेतल्या मुलीसारखं. विनीताने आतल्या कपाटातून एक जुना धुतलेला टॉवेल काढला. बाबांनी असे टॉवेल नीट घड्या घालून ठेवलेले होते, आठ-दहा; कशासाठी ते तिने कधी विचारलं नव्हतं. टॉवेल आणि क्षारांची दोन पाकिटं तिने पूजाच्या पिशवीत घातली आणि पिशवी तिच्या खांद्याला नीट अडकवली.

रिक्षा वळून गेली. रांग पुढे सरकली. रश्मीने पुढच्या माणसाला विचारलं, "कोणासाठी हवी? गाडी कोण चालवणार?"

विनीता गल्ल्यामागे गेली. स्टुलावर, त्या शेवटच्या शुक्रवारी बाबांनी चिकटवलेल्या पुड्यांचा गठ्ठा तसाच होता. तो तिने उचलून रश्मीच्या हाताशी ठेवला. मग मोकळ्या स्टुलाकडे तोंड करून, रांगेला ऐकू जाईल अशा नेहमीच्या आवाजात, ती म्हणाली,

"बाबा, संचिता त्या दिवशी आपसूक झोपूक नव्हता. मीच दिलंय. तुमी नाय म्हणालात, ता बरोबर होता."